कापड सुटलं असेल

मी मावशीची टेप बोलतेय. टेप म्हटल्यावर गाणी वाजवणारी समजू नका. मी माप घ्यायची टेप, शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबते ना, ती. अंगाने पिवळी, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. त्यातली एक टोपी आता सैल झाली आहे. वय झालं माझं.

कारखान्यात माझ्या पोटात काचेचे बारीक धागे घातले आणि वरून पिवळा लेप चढवला. म्हणून मी वाकते, गुंडाळली जाते, कुणाच्याही कमरेला विळखा घालते, पण ताणली जात नाही. हे जरा लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीवरून माझ्यावर आळ आला.

दोरे-बटणांच्या दुकानात मी कितीतरी दिवस काचेच्या बरणीत पडून होते. एके दिवशी एक तरुण बाई आली. तिने मला उचललं, उलगडलं आणि काउंटरवरच्या लाकडी पट्टीवर धरून पाहिलं. मग उलटी धरून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अहो ताई, टेप घेताय की सोनं?" ती हसली, मला गळ्यात टाकलं आणि तशीच घरी गेली. तेव्हापासून तो गळा हेच माझं घर. ती पुढे सगळ्या गल्लीची मावशी झाली, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीपाशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात लोखंडी इस्त्री. टेबलाचा खण अर्धवट उघडाच असायचा, कारण तो कधी धड बंद झालाच नाही. खणात खडू, टाचण्या आणि बटणांचा एक मोठा डबा.

माणसं माप देताना कशी वागतात हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. मला कमरेभोवती गुंडाळलं की भलेभले श्वास आत ओढून पोट चोरतात. पुरुष खांदे उचलतात. बायका छताकडे बघत राहतात, जणू मोजलं जाणारं अंग दुसऱ्याच कुणाचं आहे. मावशी कुणाला घाई करायची नाही. माणूस श्वास सोडेपर्यंत थांबायची आणि मगच आकडा बघायची.

तिची एक रीत होती. कुणी जुना कोट घेऊन यायचा, बटण लागत नाही म्हणून. पोट सुटलेलं उघड दिसायचं. पण मावशी कधी कुणाला "तुम्ही जाड झालात" म्हणाली नाही. ती म्हणायची, "कापड आटलं हो धुण्यात." आणि आजारपणातून उठलेलं कुणी आलं, कपडे अंगावर लोंबत असले, तर म्हणायची, "कापड सुटलं असेल. वापरून वापरून सुटतं ते. दुमडून देते." तिच्या गुरूबाईंनीच तिला शिकवलं होतं की दोष टेपला द्यावा, कापडाला द्यावा, गिऱ्हाइकाच्या अंगाला देऊ नये. गिऱ्हाईक हसत परत जायचं. मला तिची ही लबाडी फार आवडायची.

तीच लबाडी ती पुढे स्वतःशी करील, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

तिचं स्वतःचं माप कुणी घेतच नसे. भिंतीवर एका खिळ्याला तिचा कागदी खाका टांगलेला होता, जाड तपकिरी कागदाचा. लग्नानंतर लवकरच तिने तो स्वतःसाठी कापला होता आणि त्यावर लांबीचा आकडा ठळक लिहिला होता. आयुष्यभर तिचे सगळे गाऊन त्याच खाक्यावरून बेतले गेले. दुसऱ्यांच्या मापात सुताचाही फरक न चालवून घेणारी ही बाई स्वतःला मात्र विशीतल्या कागदाने मोजत राहिली.

केस पिकले, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचे गाऊन जमिनीवर लोळायला लागले. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "कापड सुटलं असेल." आणि कड दुमडली. पुढच्या गाऊनचंही तसंच झालं. पुन्हा दुमडली. वरच्या फळीवरच्या दोऱ्यांच्या रिळांना हात पुरेना, तर तिने फळी खाली घेतली. पाठ वाकली, तर म्हणाली, "जन्मभर मशीनवर वाकले, पाठ काय सरळ राहणार?" मी तिच्या गळ्यात होते. माझी टोकं तिच्या गुडघ्यांच्या जवळ जवळ सरकताना मला कळत होतं. पण टेपला कुणी विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

एके दुपारी तिने इस्त्री उचलली. रोजचीच इस्त्री, रोजचाच कोपरा. ती "आई गं" म्हणाली आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. चेहरा पांढराफटक. पाठीत काहीतरी मोडल्यासारखं झालं, असं तिने नंतर सांगितलं.

तिची लेक औषधांच्या दुकानात काम करते. ती धावत आली आणि आईला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मावशी मला गळ्यातून काढायला विसरली, ते नेहमीचंच. त्यामुळे तिथलं सगळं मी ऐकलं.

डॉक्टरांनी विचारलं, "उंची कमी झालीय का अलीकडे?"

"छे हो! या वयात कसली कमी आणि कसली जास्त?"

"टेप आहेच की गळ्यात. चला, उभ्या राहा भिंतीला टेकून."

त्यांनी मला टाचेपासून डोक्यापर्यंत धरलं. मावशीने तरुणपणची उंची सांगितली होती. मी दाखवलेला आकडा तिच्यापेक्षा कितीतरी खाली होता. मावशी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "टेप जुनी झालीय. ताणली गेलीय."

मी! जिला तिने दुकानात उलटसुलट तपासून घेतलं होतं, ती मी ताणली गेलेय! तेव्हा फार लागलं मनाला. आज वाटतं, तिला त्या घडीला दुसरं काय म्हणता आलं असतं?

फोटो निघाले, हाडांची तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "तुमची हाडं विरळ झालीत. बाहेरून दिसत नाही, पण आतून. पाठीचे मणके दबलेत, एक तर मोडलाच आहे."

"म्हणजे विरलेल्या कापडासारखं," मावशी म्हणाली. "नुसतं धरलं तरी फाटतं."

"अगदी बरोबर. आता ऐका. चालणं हवं, ऊन हवं, दूध, अंडी, पालेभाजी हवी, झेपेल तेवढा व्यायाम हवा. घरात पडायला होणार नाही असं बघा. पण एक हाड मोडून झालंय, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर भागणार नाही. गोळीही लागेल. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर. घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दोन्ही करायचं. यातलं एक निवडायचं नाही."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं. घरी मात्र ते कुणी नेलंच नाही.

घरी तिचा नवरा होता. शाळेत कवायत शिकवायचा, सगळे त्याला ड्रिलमास्तर म्हणायचे. निवृत्त झाला तरी पाठ ताठ. शाळेच्या मैदानावर लांब उडीचं माप तो स्वतः घ्यायचा आणि कुणाचा बोटभरही फायदा होऊ द्यायचा नाही. मुलं रडली तरी नाही. एकदा स्वतःच्या लेकीलाही त्याने बोटभर कमी पडली म्हणून बाद केलं होतं, आणि हे तो अभिमानाने सांगायचा.

त्याने गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागला. पोटात दुखणं, घशाला जळजळ, जबड्याचा त्रास, मांडीच्या हाडाचा त्रास.

"हाडासाठी औषध आणि हाडालाच त्रास! ही कुठली रीत?"

"बाबा, ते क्वचित होतं. शंभरदा सांगितलं," लेक म्हणाली. "मोडलेल्या मणक्याचं काय? तो तर मोडलाय ना?"

"माझी आई शेवटी जेवणापेक्षा गोळ्याच जास्त खायची. मी बघितलंय. हिला मी चालवीन, उन्हात बसवीन. वर्षभरात ताठ करतो की नाही बघ."

"ती काय तुमची शाळा आहे?"

"आणि ती काय तुझं दुकान आहे?"

मावशी दोघांच्या मधे बसली होती. ती म्हणाली, "अहो, पुरे. अगं, तूही पुरे. दोघांचंही करते." तिने त्या दिवशी एक नवी निळी टेप आणवली आणि मला खणात ठेवून दिलं, बटणांच्या डब्याच्या शेजारी.

खण अर्धा उघडा, म्हणून मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. रोज संध्याकाळी ड्रिलमास्तर दारात उभा राहून हाक द्यायचा, "चला, गाडी सुटते!" मावशी मशीनवरचं काम तसंच सोडून उठायची. सुरुवातीला ती कुरकुरत जायची, मग वाट बघायला लागली. परत यायची तेव्हा तिचा श्वास फुललेला असायचा आणि ती हसत असायची. एकदा म्हणाली, "अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुमचा हात धरून रस्त्याने अशी कधी चालले नव्हते." तो म्हणाला, "मी मैदानावर, तू मशीनवर. वेळ कुठे होता?"

त्याने घरभरची पायपुसणी काढून टाकली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, पाण्याच्या दोन बाटल्या भरून तिच्याकडून हात वर-खाली करून घ्यायला लागला. तिच्या पायात बळ आलं. झोप लागायला लागली. चालणं खोटं नव्हतं, हे मी अगदी खरं सांगते.

गोळीही खोटी नव्हती. पण पहिल्या काही गोळ्यांनीच मावशीच्या छातीत आग पडायला लागली. ती मशीनवर बसल्या बसल्या छाती चोळायची. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, बघ, मी म्हणत नव्हतो? लेकीला सांगावं तर ती म्हणणार, आई, तू नीट पाणी पीत नसशील. डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं.

मग एका सकाळी तिने गोळी पाकिटातून काढली, खण ओढला, बटणांचा डबा उघडला आणि पांढऱ्या बटणांत टाकून दिली. रिकामं पाकीट लेकीला दिसेल असं खिडकीत ठेवलं.

त्यानंतर दर आठवड्याला हेच. एकदा गोळी टाकताना तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने मला हातात घेतलं, माझी सैल टोपी दाबून बसवली आणि हळूच म्हणाली, "जळजळ तर होतेच गं. पण खरं सांगू? गोळीने मी बरी झाले, तर त्यांना वाटेल आपलं चालवणं फुकट गेलं. मग कोण मला रोज न्यायला येईल?"

मला वाचा असती तर मी ओरडले असते. अगं बाई, तो आला असता! तुझा हात धरायला त्याला आता आजाराची गरज उरली नव्हती. पण तिला तसा भरवसा नव्हता. इतकी वर्षं तो मैदानावर होता ना!

लेक यायची, रिकामी पाकिटं बघायची आणि समाधानाने मान डोलवायची. म्हणायची, "बघितलंत बाबा? गोळीने आई कशी टुणटुणीत झाली." ड्रिलमास्तर मिशीत हसायचा. "गोळीने? अगं, माझ्या चालवण्याने." दोघंही खूश. दोघांनाही वाटायचं, आपणच जिंकलो. आणि मावशी दोघांकडे आळीपाळीने बघून हसायची. त्या घरात इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती. त्या शांततेचा आवाज आठवला तरी माझ्या अंगावर काटा येतो.

आणि एके सकाळी ती पडली.

एका कोटाला बटणं लावायची होती. तिने खणातून डबा काढला, खिडकीतल्या उजेडाकडे वळली. जमिनीवर अस्तराचा एक तुकडा पडला होता, गुळगुळीत, तळहाताएवढा. घरभरची पायपुसणी ड्रिलमास्तरने उचलली होती, पण दुकानातल्या चिंध्या तो कधी उचलत नसे. ते तिचं राज्य होतं. तिचा पाय त्या तुकड्यावर पडला आणि सरकला. फार जोरात पडली नाही ती. एखादं पोर पडलं असतं तर कपडे झटकून पळालं असतं. पण खाली पोचायच्या आत एक आवाज झाला, सुकी काडी मोडल्यासारखा.

डबा उघडला आणि बटणं खोलीभर पसरली.

ड्रिलमास्तर धावत आला. तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. "हलू नकोस. अजिबात हलू नकोस." त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या, लेकीला फोन केला. तिच्या डोक्याखाली कोट सारला. पुढे करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हाताला स्वस्थ बसवेना, म्हणून तो तिच्या भोवतीची बटणं गोळा करायला लागला. एक पांढरं बटण त्याने डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं उचललं.

"अगं," तो म्हणाला, "याला भोकंच नाहीत."

मावशीने डोळे मिटून घेतले.

लेक आली तेव्हा तो ओंजळ पुढे धरून तसाच बसला होता. तिने ओंजळीत पाहिलं आणि तिला सगळं कळलं. औषधांच्या दुकानातली मुलगी ती. आता बाप म्हणेल, बरं झालं नाही घेतली, असं मला वाटलं होतं. आता लेक म्हणेल, तुमच्यामुळे. पण दोघांनी मिळून ती बटणं आणि गोळ्या वेगळ्या केल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर काय म्हणाले, ते लेकीने घरी येऊन बापाला सांगितलं, माझ्या समोर, याच टेबलाशी. ते म्हणाले होते, जळजळ होत होती तर मला सांगायचं होतं. दुसरं औषध होतं. वर्षातून एकदा शिरेतून देता आलं असतं. गोळी घ्यावीच लागली नसती.

ड्रिलमास्तर म्हणाला, "मला सांगायला ती घाबरली."

"मलाही," लेक म्हणाली. आणि टेबलावर डोकं ठेवून ती रडली.

मावशीला घरी आणलं. तिची खाट पुढच्या खोलीत, मशीनशेजारी टाकली. ती उठून बसायचा प्रयत्न करायची, ड्रिलमास्तर धरून चार पावलं चालवायचा, पण अंगातलं बळच गेलं होतं. मग खोकला सुरू झाला. एके दिवशी ती लेकीला म्हणाली, "पुढून उघडणारा एक गाऊन हवा गं. आहेत ते चढवताना दुखतं. मी सांगते तसं काप, शिवता येईल तुला."

लेकीने खिळ्यावरचा खाका काढला. मावशी म्हणाली, "तो नको. माप घे."

लेकीने निळी टेप उचलली.

"ती नको. खणातली काढ. जुनी."

तुम्हाला सांगते, त्या एका शब्दाने माझ्यावरचा सगळा आळ धुऊन निघाला. लेकीने मला उलगडलं. खांद्यापाशी तिने एक टोक धरलं, टाचेपाशी ड्रिलमास्तर वाकला. ती पांघरुणाखाली इतकीशी दिसत होती. त्याने चष्मा पुसला आणि माझ्यावरचा आकडा वाचला. मी खरं तेच दाखवत होते. माझ्या पोटात काचेचे धागे आहेत, मला दुसरं येत नाही. पण त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, आपल्याला ताणलं जाता आलं असतं तर!

"किती आलं हो?" मावशीने विचारलं.

लांब उडीत कुणाला बोटभरही न सोडणारा तो माणूस. त्याचा अंगठा माझ्यावर खऱ्या आकड्यापाशीच होता. त्याने भिंतीवरच्या खाक्याच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि तिचा जुना, विशीतला आकडा सांगितला.

मावशीने मान जराशी उचलली. आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या अंगठ्याकडे. उभी हयात माझ्यावरचे आकडे वाचलेली बाई ती. खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही तिला आकडा कळायचा.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तेवढाच काप."

लेकीने तेवढाच कापला. शिवण वाकडीतिकडी आली. गाऊन चढवला तर पावलं झाकून खाटेवर पसरला. लेकीला रडू आवरेना. मावशीने नवऱ्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "कापड सुटलं असेल. दुमडून घ्या." ड्रिलमास्तरने आयुष्यात कधी सुई धरली नव्हती. खाटेच्या पायथ्याशी बसून त्याने ती कड दुमडली, एकेक मोठा टाका घालत. ती तिथूनच सांगत होती, "जरा बारीक घाला. ओढू नका."

त्याच गाऊनमध्ये ती गेली.

आता दुकान बंद आहे. मशीनवर चादर आहे. लेकीने तिच्या दुकानात माझ्या निळ्या बहिणीला खिळ्यावर लावलंय. कुणी पाठदुखीचं औषध मागितलं की ती आधी विचारते, "उंची मोजलीत का एवढ्यात?" लोक हसतात. कुणी कुणी मोजूनही घेतात.

तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्या बाईचे कपडे जमिनीला लागायला लागले, तर कापडाला दोष देऊ नका. तिला भिंतीला टेकून उभं करा आणि मोजा. आणि तिला आधी एवढा भरवसा द्या, की औषधाने आग होते म्हटलं तरी कुणी जिंकणार नाही, कुणी हरणार नाही.

मागच्या महिन्यात ड्रिलमास्तर स्वतःच डॉक्टरांकडे गेला. पुरुषांचीही हाडं विरतात म्हणे. डॉक्टरांनी उंची मोजायला भिंतीशी उभं केलं, तर त्याने खिशातून मला काढलं.

"हिने मोजा," तो म्हणाला. "ही ताणली जात नाही."

त्यालाही गोळी दिलीय. आठवड्याच्या त्या सकाळी तो पेलाभर पाणी पितो आणि मला गळ्यात घालून मावशीच्या स्टुलावर ताठ बसतो, पूर्ण अर्धा तास. संध्याकाळ झाली की दारात जाऊन उभा राहतो. "चला, गाडी सुटते," असं हळूच म्हणतो, थोडा वेळ थांबतो, आणि मग आम्ही दोघंच चालायला जातो.